घरच्या सोयाबीनचा टोफू ओव्हनमध्ये कुरकुरीत होईना

परभणीची सुगरण: शेतातल्या सोयाबीनचा टोफू (सोयाबीनच्या दुधाचं पनीर) घरीच करते. दूध लिंबाने फाडते, फडक्यात बांधून वर वरवंटा ठेवते. मग दीड इंचाचे तुकडे, २ चमचे तेल, तिखट-मीठ, आणि २८ लिटरच्या ओटीजीत (रॉडवर चालणारा छोटा ओव्हन) १८० अंशांवर २० मिनिटं. बाहेरून चिवट, आत ओला, वर अल्युमिनियमच्या ट्रेला घट्ट चिकटतो. तळायचा नाहीये. कुठं बदल करू?

औसा रोडवरचा ओव्हन: तेल नाही, पाणी नडतंय. तुकड्यावर ओल आहे तोवर ओव्हनची सगळी उष्णता ती वाफ करण्यातच जाते. पृष्ठभाग १०० अंशांच्या वर चढतच नाही, मग रंग आणि कुरकुरीतपणा कुठून येणार?

तुकडे पाऊण इंचाचे करा. उकळत्या, चांगल्या खारट पाण्यात (१ लिटरला दीड टेबलस्पून मीठ) ५ मिनिटं ठेवून काढा आणि सुती कापडावर सुटे पसरा. गरम तुकड्यावरचं पाणी १० मिनिटांत उडून जातं आणि मीठही लागतं. मग २०० ग्रॅम टोफूला १ टेबलस्पून तेल आधी चोळा, त्यावर १ टेबलस्पून कॉर्नफ्लॉवर आणि १ टीस्पून तांदळाचं पीठ भुरभुरा. क्रम उलटा केलात तर पिठाच्या गुठळ्या होतात. बेसन नको, त्याची भजी होते. ज्वारीचं पीठ चालतं, पण आवरण रवाळ लागतं, मला नाही आवडत.

ओव्हन २०० अंशांवर, दोन्ही रॉड चालू ठेवून, १० मिनिटं आधी तापवा. मधल्या कप्प्यात १५ मिनिटं, मग उलटून अजून १२ ते १५. तुकड्यांत बोटभर जागा हवी, दाटीवाटी केली की एकमेकांच्या वाफेवर शिजतात. खाली बेकिंगचा कागद घाला. मिठाईच्या डब्यातला मेणकट कागद मात्र नको, ओव्हनमध्ये धूर करतो. पहिली १५ मिनिटं हात लावू नका. कड धरली की तुकडा आपोआप सुटतो, आधी ओढलात तर साल ट्रेवर राहते.

नांदेडचं दाणं: वरचं सगळं बरोबर, पण ताईंचा टोफू मुळातच मऊ पडत असणार. २५० ग्रॅम सोयाबीन ८ ते १० तास भिजवा, हिवाळ्यात १२. टरफलं काढून, एकूण पावणेदोन लिटर पाण्यात वाटून गाळा. हे दूध उकळायच्या आधीच फेस येऊन वर चढतं. ती खरी उकळी नव्हे. गॅस बारीक करून, ढवळत, खरी उकळी आल्यावर पूर्ण १० मिनिटं शिजवा. कच्चं राहिलं तर पोटाला जड जातं आणि उग्र वासही राहतो.

गॅस बंद करून ५ मिनिटं थांबा. ३ टेबलस्पून लिंबाचा रस १ कप कोमट पाण्यात मिसळून तीन वेळा थोडा थोडा घाला, हलक्या हाताने एकदाच फिरवा आणि १५ मिनिटं झाकून ठेवा. वरचं पाणी पिवळसर, नितळ दिसलं पाहिजे. दुधाळ असेल तर अजून थोडा रस. जोरात ढवळलं की दही चुरा होतं आणि दाबूनही तुकडा धरत नाही.

वरवंटा गोल असल्याने दाब एका जागी पडतो. सपाट झाकणीवर २ किलोचं वजन पाऊण तास ठेवा. नंतर थंड पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये २ तास, मगच कापा.

आणि हो, पेरणीचं उरलेलं बियाणं चुकूनही वापरू नका. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, धुऊन भागत नाही. खायला बाजारात विकतो तोच माल घ्या, खडे आणि फुटके दाणे निवडून.

परभणीची सुगरण: काळा मसाला आधी लावू की नंतर? आणि आमटीत टाकला तर टिकेल का?

औसा रोडवरचा ओव्हन: नंतरच. आधीच भाजलेला मसाला २०० अंशांवर अर्धा तास ठेवला की करपून कडू होतो. तिखटाचंही तेच. ओव्हनमधून काढल्या काढल्या, तेल अजून चमकत असताना १ टीस्पून काळा मसाला टाकून परातीत हलवा. सोया सॉस किंवा गूळ लावायचा तर शेवटच्या ४ मिनिटांत, ब्रशने.

येसराच्या (भाजलेल्या धान्य-मसाल्यांच्या पिठाच्या) आमटीत कुरकुरीत राहणार नाही. वाटीत आमटी वाढून तुकडे वरून टाका, भाकरी मोडेपर्यंत टिकतील.

नांदेडचं दाणं: झाकू मात्र नका. डब्यात गरम भरला की पाच मिनिटांत नरम. जाळीवर पसरून निववा. उरला तर फ्रिजमध्ये ३ दिवस राहतो, खाताना २०० अंशांवर ६ ते ७ मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये रबर होतो.

दूध गाळून उरलेला चोथा फेकू नका, त्यात ज्वारीचं पीठ, कांदा, तीळ घालून थालीपीठ लावा. चोथा त्याच दिवशी संपवा, उन्हाळ्यात लवकर आंबतो.