बाबांची पापणी खाली येत आहे. शस्त्रक्रिया करावी का?

प्रश्न (मानेवाडा, नागपूर)
माझे बाबा ७१ वर्षांचे आहेत. दोन वर्षांपासून त्यांच्या वरच्या पापण्या, त्यातही डावी जास्त, खाली येत आहेत. सकाळी ते हनुवटी उचलून आणि कपाळाला आठ्या घालून वर्तमानपत्र वाचतात. संध्याकाळी मात्र डावी पापणी बोटाने वर धरून बसतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे, चष्म्याचा नंबरही बरोबर आहे. या वयात रूपासाठी चिरफाड कशाला, असे नातेवाईक म्हणतात. मला हा रूपाचा प्रश्न वाटत नाही. नेत्रतज्ज्ञांना दाखवावे की प्लास्टिक सर्जनना? आणि नागपूरच्या उन्हाळ्यात हे करावे का?

उत्तर (त्रिमूर्तीनगर)
ताई, आपले म्हणणे बरोबर आहे. पापणी बाहुलीवर उतरली की वरच्या बाजूचे दिसेनासे होते. माझ्या आईला फडताळाचा वरचा कप्पा मान मागे टाकल्याशिवाय दिसत नसे. नेत्रतज्ज्ञांमध्येच ऑक्युलोप्लास्टीचे, म्हणजे पापण्या आणि डोळ्याभोवतीच्या भागाच्या शस्त्रक्रियेचे, प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर असतात, त्यांना दाखवावे. आईच्या दृष्टिक्षेत्राची तपासणी त्यांनी दोनदा केली, एकदा तशीच आणि एकदा पापणी चिकटपट्टीने वर धरून. हा फरक कागदावर असल्याने शस्त्रक्रिया सौंदर्यासाठी नाही हे विमा कंपनीला दाखवता आले. वयामुळे, कधी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही, पापणी उचलणाऱ्या स्नायूचा कंडरा सैल होतो. पापणीच्या घडीतच छेद देऊन तो पुन्हा घट्ट शिवतात. भूल फक्त पापणीपुरती होती. मध्येच आईला टेबलावर उठवून बसवले, समोर बघायला सांगितले आणि दोन्ही पापण्यांची उंची जुळवून मगच गाठ पक्की केली. तरीही थोडा उणेअधिकपणा राहू शकतो आणि क्वचित पुन्हा टाके घालावे लागतात, हे आधीच समजून घ्यावे.

उत्तर (नेत्रविभागातील निवृत्त परिचारिका)
आपल्या प्रश्नातला ‘संध्याकाळी’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. दिवस कलेल तशी पापणी स्पष्टपणे जड होत असेल, एकाच्या दोन वस्तू दिसत असतील किंवा गिळताना त्रास होत असेल, तर मायस्थेनिया ग्रॅव्हिस या स्नायू लवकर थकवणाऱ्या आजाराची तपासणी आधी झाली पाहिजे, कारण त्यावर पहिला उपाय औषधांचा असतो. मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटे बर्फ ठेवून ती उचलली जाते का, हेही डॉक्टर पाहतात. पापणी अचानक पडली, सोबत डोके दुखू लागले आणि त्या डोळ्याची बाहुली मोठी दिसली, तर मात्र त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास डॉक्टरांना सांगावी. आपल्या मनाने बंद करू नये.

उत्तर (महाल)
शस्त्रक्रिया उन्हाळ्यातही होते. सुरुवातीला डोळा पुरता मिटत नाही, म्हणून कूलरचा झोत चेहऱ्यावर येऊ देऊ नये आणि रात्रीचे मलम चुकवू नये.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल सकाळी आणि सायंकाळी ७ वाजता बाबांचे फोटो काढले. सायंकाळच्या फोटोत डावी बाहुली जवळपास झाकलेली आहे. डॉक्टरांनी ते पाहून आधी रक्ततपासणी लिहून दिली आहे. शस्त्रक्रियेचे नंतर ठरवू.