फायटर माशाची शेपटी खालून काळी पडून झडतेय, वरचा तुकडा एका रात्रीत गायब – हे फिन रॉटच (पर कुजण्याचा रोग) ना?

गोदाकाठ_22
नाशिक. हाफमून नर, गडद निळा, आणून चार महिने झाले. टाकी 40 × 25 × 25 सेंमी, पाणी साधारण 18 लिटर. हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर, तळाला रंगीत खडे, दोन प्लास्टिकची झाडं. हीटर नाही. मासा एकटाच. दर रविवारी सगळं पाणी काढतो, टाकी आणि स्पंज नळाखाली स्वच्छ धुतो. पाणी सोसायटीचं, बोअर आणि नळाचं मिसळलेलं.

दहा-बारा दिवसांपासून शेपटीची खालची कड तपकिरी-काळी होऊन दातेरी झालीये आणि हळूहळू आत सरकतेय. पोटाखालच्या परालाही मागच्या टोकाला तसंच दिसतंय. आणि काल सकाळी शेपटीच्या वरच्या बाजूचा अर्धचंद्रासारखा तुकडाच नाही! रात्री होता. खातोय, पण बराच वेळ तळाशी बसून असतो. दुकानात निळं औषध दिलं, रोज पाच थेंब टाका म्हणाले. अजून टाकलेलं नाही. टाकू का?

काचेपलीकडे
नका टाकू. तुम्ही लिहिलंय त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे उपाय एक नाहीत.

परांचं नुकसान ओळखायचं ते कडेवरून आणि वेगावरून. कड दातेरी, तिच्यावर काळी-तपकिरी किंवा लालसर रेघ, आणि रोज थोडं थोडं आत सरकणं, हे फिन रॉट. पाण्यात एरवीही असणारे एरोमोनास, स्यूडोमोनास जातीचे जिवाणू दुबळ्या झालेल्या माशावर हात साफ करतात. तुमची खालची बाजू हीच.

वरचा अर्धचंद्र मात्र त्यातला नाही. जिवाणू एका रात्रीत गोल घास घेत नाहीत. तिथली कड स्वच्छ असेल, काळी रेघ नसेल, तर माशाने स्वतःच शेपटी चावली आहे. हाफमूनमध्ये हे फार चालतं, कारण 180 अंश पसरणारी शेपटी हे त्याच्यासाठी ओझंच असतं. मासा शेपटीकडे वळला की तोंड बरोबर पोचतं ते वरच्या आणि मागच्या भागापर्यंत, म्हणून घास तिथेच दिसतात.

तिसरा प्रकार फाटण्याचा: पराच्या दोन काट्यांच्या मधून सरळ उभी चीर, पण काहीच कमी झालेलं नाही, दोन्ही काठ जुळवले तर जुळतील असं. हे प्लास्टिकच्या पानाने, खड्यांच्या धारेने किंवा जोरात फुलारल्याने (पर-कल्ले ताणून पसरल्याने) होतं. तुमची झाडं बाहेर काढा आणि त्यांच्यावरून शिफॉनच्या ओढणीचा कोपरा फिरवा. धागा अडकला की ते झाड टाकीत परत जाणार नाही.

दोन ठिकाणी फसगत होते. काही माशांच्या परांची कड जन्मतःच काळी किंवा पांढरी असते, त्यामुळे आणलं तेव्हाचा फोटो शेजारी ठेवून बघा. आणि परांची टोकं नुसती गुंडाळली गेली असतील, झडत नसतील, तर तो रोग नाही, बहुतेक वेळा जड (क्षारयुक्त) पाण्याचा परिणाम असतो.

अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच, तापमान आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजून टाका. अमोनियासाठी थेंबांचं किट घ्या, कागदी पट्ट्या फार ढोबळ आकडा देतात, काहींवर तर अमोनियाचा चौकोनच नसतो.

स्पंजफिल्टर
रोगाचं मूळ प्रश्नातच लिहिलंय: "स्पंज नळाखाली स्वच्छ धुतो".

माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. एक जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. दोन्ही राहतात स्पंजच्या भोकांत आणि खड्यांवर. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांच्यासाठीच घातलेलं आहे, म्हणजे मारण्यासाठी. तुम्ही दर रविवारी ही वस्ती उठवता, सोमवारी ती पहिल्यापासून बसायला लागते आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच. चार महिन्यांत टाकी एकदाही तयार झालेली नाही. अमोनियाने परांच्या कडा भाजतात, अंगावरचा चिकट बुळबुळीत थर विरळ होतो, आणि मग जिवाणूंना आत शिरायला वाट मिळते.

यापुढे स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच, बादलीत, दोन-तीनदा हलका पिळायचा. तोही महिन्यातून एकदा, किंवा बुडबुडे मंदावले की. तपकिरी राहिला तरी चालतो, तपकिरीच हवा. टाकी पूर्ण रिकामी करून घासणं कायमचं बंद.

निळं औषध म्हणजे मेथिलीन ब्लू. बुरशीवर आणि अंड्यांवर ते ठीक आहे, आत शिरलेल्या फिन रॉटवर फारसं नाही. वर फिल्टरमधले उरलेसुरले जिवाणूही जातात, आणि टाकीच्या सांध्यातलं सिलिकॉन कायमचं निळं होतं ते वेगळंच.

गोदाकाठ_22
मोजलं. अमोनिया 1, नायट्राइट 0, नायट्रेट जेमतेम 5 (पीपीएम, म्हणजे लिटरला मिलिग्रॅम). पीएच 8. टीडीएस 620. सकाळी सात वाजता पाणी 20 अंश. वरच्या तुकड्याची कड स्वच्छ आहे, रेघ नाही. एक झाड ओढणीत अडकलं, काढलं. हीटर आजच आणून पाणी 27 वर नेतो, बरोबर ना?

काचेपलीकडे
थांबा! आधी पाणी, मग हीटर. हा क्रम उलटा झाला की मासा बिघडतो आणि बोल हीटरला लागतो.

किटवर दिसतो तो एकूण अमोनिया. त्यातला ठराविकच भाग विषारी रूपात असतो आणि तो पीएच व तापमान वाढलं की वाढतो. पीएच 8 ला 20 अंशांवर साधारण 4 टक्के, 27 वर 6 टक्क्यांच्या पुढे. म्हणजे किटवरचा आकडा 1 च राहील, पण विष दीडपट होईल. पीएच 7 असता तर हाच भाग 27 अंशांवरही एक टक्क्याच्या आत असता. तुमच्या बोअरच्या पाण्यात तेवढी मोकळीक नाही.

आज सकाळी निम्मं पाणी बदला, संध्याकाळी पुन्हा निम्मं. 1 चा 0.25 होईल. एरवी आजारी माशाचं एवढं पाणी एकदम बदलू नका म्हणतो, पण तुमचा मासा दर आठवड्याला त्याच पाण्यात शंभर टक्के बदल सोसतोय, टीडीएसचा धक्का बसणार नाही. तापमान मात्र जुळवा, बोटाने नाही, थर्मामीटरने. एका अंशापेक्षा जास्त फरक नको.

क्लोरीन काढायला हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, पुरतं. 10 ग्रॅम खडे 100 मिली पाण्यात विरघळवून बाटलीत ठेवा. त्यातलं 1 मिली 10 लिटरला. मिसळून पाच मिनिटांनी पाणी वापरता येतं. द्रावण महिना-दोन महिन्यांनी नवीन करा.

दुसऱ्या दिवसापासून हीटर. 18 लिटरला 25 वॉटचा पुरतो असं पाकिटावर लिहिलेलं असतं, पण नाशिकच्या जानेवारीत खोलीच 15-16 ला येते. थर्मोस्टॅटवाला 50 वॉटचा घ्या. पहिल्या दिवशी 23, दुसऱ्या दिवशी 26, तिथेच थांबा. वर काचेचं झाकण हवं. फायटर पृष्ठभागावरची हवा गिळतो, खाली 26 आणि वर 15 अंशांची हवा हे त्याला सोसत नाही. पाणी काढण्याआधी हीटरचा प्लग काढून दहा मिनिटं थांबायचं, नाहीतर उघडी पडलेली तापलेली नळी तडकते.

मग रोज 30 टक्के पाणी, अमोनिया सलग चार दिवस 0.25 च्या खाली राहीपर्यंत. फिल्टर तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतील. कुणाच्या निरोगी टाकीतला वापरलेला स्पंज तुमच्या टाकीत पिळायला मिळाला तर बरेच लवकर.

बदामपान
मिठाचा विषय कुणी काढला नाही म्हणून. तुमच्या टाकीत खरी झाडं नाहीत, गोगलगायी नाहीत, त्यामुळे मीठ बिनधास्त वापरता येईल. साधं खडे मीठ, लिटरला 1 ग्रॅम, म्हणजे तुम्हाला 18 ग्रॅम. चमच्याने मोजू नका, खड्यांच्या मिठाचा चमचा बारीक मिठापेक्षा हलका भरतो. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. तीन भाग करा, एकेक भाग मगभर पाण्यात पूर्ण विरघळवून 12-12 तासांनी सोडा. मीठ अंगावर पडून विरघळलं तर कातडी भाजते.

इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो: मिठाची वाफ होत नाही. उडालेलं पाणी भरताना मीठ घालायचं नाही. बदललेल्या पाण्यापुरतंच घालायचं, 5 लिटर बदललं तर 5 ग्रॅम. जास्तीत जास्त दहा दिवस, मग पाणी बदलत बदलत उतरवायचं.

शिवाय देशी बदामाचं एक मोठं पान. झाडावरून आपोआप गळलेलं, पूर्ण वाळून तपकिरी झालेलं. रस्त्याकडेचं नको, धूर बसलेला असतो. धुऊन, उकळतं पाणी ओतून, थंड करून टाकायचं. पाणी चहासारखं होतं, मासा शांत राहतो, पीएचही उतरतो.

स्पंजफिल्टर
मिठाला पाठिंबा. पानाने पीएच उतरतो हे मात्र मऊ पाण्यात. 620 टीडीएसच्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट (आम्ल मारणारा क्षार) इतकं असतं की एका पानाचं आम्ल त्यात कुठच्या कुठे विरून जातं. पान टाका, त्याला आडोसा मिळेल, चावणाऱ्या माशाला तोही उपयोगाचा. पीएचसाठी मात्र त्यावर विसंबू नका. आणि पीएच उतरवायची बाटलीही आणू नका. अशा पाण्यात तो दोन दिवसांत परत चढतो आणि हा झोका माशाला स्थिर 8 पेक्षा जास्त बाधतो.

चावण्यावर मीठ-औषध काहीच चालत नाही, कारण शोधावं लागतं. पंपाच्या नळीला प्लास्टिकचा कॉक लावून बुडबुडे कमी करा, शेपटी प्रवाहात वाहवत असेल तर तो तिच्यावरच राग काढतो. मागच्या आणि बाजूच्या काचांना बाहेरून काळा कागद लावा. बाजूने दिवा असेल तर काचेत प्रतिबिंब पडतं आणि मासा दिवसभर स्वतःशीच भांडत फुलारून राहतो. आरसा दाखवायची हौस असेल तर शेपटी भरेपर्यंत ती आवरा.

काचेपलीकडे
अँटिबायोटिकचं आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे घाईत कुणी कॅप्सूल फोडणार नाही. स्वच्छ पाणी, 26 अंश आणि मीठ यावर पाच-सहा दिवसांत कड सरकायची थांबली तर औषधाची गरज नाही. ते लागतं तीन वेळी: झड थांबत नाही आणि पराच्या मुळाकडे जाते, मुळाशी अंग लाल होतं, किंवा मासा खाणं सोडतो. झड मुळापर्यंत गेली की तिथला पर पुन्हा येत नाही, म्हणून वाट बघण्यालाही मर्यादा आहे.

तेव्हा माशाला वेगळ्या डब्यात घ्या, खाण्याच्या प्लास्टिकचा, 5 लिटरचा, झाकणाला भोकं पाडून. कॅनामायसिन असलेलं माशांचं औषध मिळतं. कॅनाप्लेक्स असेल तर सोबतच्या मापाने 20 लिटरला एक माप, म्हणजे 5 लिटरला पाव माप, दर दोन दिवसांनी, तीनच वेळा. माणसांच्या टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल नकोत. हे औषध पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधलं जातं, तुमच्या जड पाण्यात माशापर्यंत फारसं पोचणारच नाही. पाणी तपकिरी होईल, फेस येईल, बस.

एका लक्षणावर मात्र एक दिवसही थांबू नका. पाठीवर खोगिरासारखा फिकट पांढरा-राखाडी पट्टा, ओठांभोवती पांढरं, आणि पर तासांच्या हिशेबात झडणं, म्हणजे कॉलमनारिस, हाही जिवाणूंचाच रोग. ते उबेत भराभर वाढतं, त्यामुळे तेव्हा पाणी 24 पर्यंत खाली आणायचं आणि औषध लगेच सुरू करायचं. जाळी, मग, नळी, सगळं वेगळं ठेवायचं.

खाणं: बारीक दाणे सकाळी चार, संध्याकाळी चार. दहा मिनिटांनी उरलेलं काढून टाका, मोजला जाणारा निम्मा अमोनिया कधीकधी तळाशी कुजणाऱ्या दाण्यांचाच असतो. जिवंत ट्युबिफेक्स (माशांना घालतात ती बारीक लाल गांडुळं) पूर्ण बंद, ती गटारातून येते आणि सोबत काय काय घेऊन येते ते विचारू नका.

गोदाकाठ_22
तेरावा दिवस. अमोनिया 0.25 आणि कधी 0, नायट्राइट पहिल्यांदाच 0.25 दिसलं. पाणी 26. मीठ दहाव्या दिवसापासून घालणं बंद. काळी रेघ गेली, नवा घास नाही. पण शेपटीच्या पूर्ण कडेला आता पारदर्शक, पांढुरकी पट्टी आलीये, जेमतेम 1 मिमी. बुरशी आहे का? आता तरी निळं औषध टाकू?

स्पंजफिल्टर
बाटली दुकानात परत द्या. ही नवी वाढ आहे. बुरशी कापसासारखी उभी राहते, तिचे तंतू पाण्यात हलतात आणि ती ठिपक्या-ठिपक्यांनी येते. नवा पर चपटा, कडेला सलग, कांद्याच्या पापुद्र्यासारखा असतो. बॅटरीचा उजेड मागून टाका, त्यात काट्यांच्या बारीक रेघा पुढे गेलेल्या दिसतील. रंग नंतर भरतो, काही वेळा आधीपेक्षा वेगळा. एवढ्या झडीला महिना-दोन महिने लागतात, आणि वाढ थोडी लहरी, वळलेली येऊ शकते.

हा पापुद्रा फार नाजूक असतो, काढलेलं झाड परत ठेवू नका आणि मासा जाळीने उचलू नका, वाटीने उचला. नायट्राइट दिसायला लागलं म्हणजे फिल्टर तयार होतोय. पुढचे दोन-तीन आठवडे ते वर जाईल, 0.5 ला पोचलं की त्या दिवशी निम्मं पाणी बदला. पाण्यात उरलेल्या थोड्या मिठाचा इथे फायदाच आहे, क्लोराइडमुळे नायट्राइट कल्ल्यांतून आत कमी शिरतं, म्हणून मीठ घाईने उतरवू नका. नायट्रेट वाढत गेलं आणि बाकी दोन्ही शून्यावर आले की आठवड्याला 30 टक्के पाणी पुरे.

आणि येत्या रविवारी स्पंजला हात लावू नका.