मे महिन्यात कृत्रिम पाय: तुम्ही घामाचं काय करता?

कळमन्याचा अडत्या
उजवा पाय गेल्या ऑगस्टात ट्रकच्या फाळक्याखाली आला. गुडघ्याखाली सहा बोटं ठेवून कापला. जानेवारीत कृत्रिम पाय मिळाला, सिलिकॉनचा लायनर (उरलेल्या पायावर चढवायची मऊ खोळ), त्याच्या खाली पिन, वरून सॉकेट (पाय बसतो तो कडक साचा). मार्चपर्यंत मी राजा होतो. मेट्रोनं सीताबर्डीला उतरून बाजार फिरून आलो, कुबडी नाही काही नाही.

आता पारा ४५ ला गेला अन् सगळं बिघडलं. पहाटे पाचला मंडीत उभा राहतो, आंब्याच्या कॅरेटांचा लिलाव चालतो, दहाच्या सुमारास लायनर आतून ओला होते. चाललो की पचक-पचक वाजते. परवा नडगीच्या हाडाच्या टोकाशी फोड आला. घरची म्हणते, उन्हाळाभर कुबड्या घ्या. पण कुबड्या धरल्या तर पावती कोणत्या हातानं फाडू? अन् मग शेतकरी भावाचं बोलणं सोडून पायाकडेच पाहत राहतात.

आणखी दोन गोष्टी. रात्री अंगठा खाजते. जो नाही तोच. अन् टेकडी गणपतीला बूट काढले की मागं पडतो की काय असं वाटते. हे काऊन होते?

लकडगंजचे काका
भाऊ, माझा पाय जाऊन २२ वर्षं झाली. पहिली गोष्ट, फोड सुकेपर्यंत पाय चढवू नका. एक दिवससुद्धा नाही. मी भाचीच्या लग्नात मिरवायचं म्हणून फोडावरच पाय घातला होता. वरात झाली, पण पुढचे तीन आठवडे खाटेवर काढले, भाचीच डबा आणून द्यायची.

घामाचं म्हणाल तर मंडीत खांद्यावर दुपट्टा असतोच, तसाच एक सुती कपडा वेगळा ठेवायचा. दर दोन तासांनी आडोशाला बसून लायनर काढायचा, पाय अन् लायनर दोन्ही कोरडे पुसायचे, परत चढवायचा. पाच मिनिटांचं काम आहे, लाजू नका. रात्री लायनर साध्या साबणानं धुऊन सावलीत वाळवा. पावडर मात्र बिलकुल नको, आत चिखल होतो.

सॉकेटवाला (तंत्रज्ञ)
काकांचं बरोबर आहे, पण घाम हे अर्धंच कारण वाटतंय. एक सांगा, पाय चढवताना पिन सॉकेटच्या कुलपात अडकते तेव्हा वाजणाऱ्या टिक-टिक मोजता का? जानेवारीत किती वाजायच्या अन् आता किती? लायनरवरून मोजे किती घालता?

कळमन्याचा अडत्या
तवा चार वाजत. आता मोजल्या तर आठ. मोजा एकच, जानेवारीचाच.

सॉकेटवाला (तंत्रज्ञ)
मग सापडलं. पहिल्या वर्षात स्टंप, म्हणजे कापून उरलेला पाय, आटत जातो, सूज उतरते, स्नायू बारीक होतात. सॉकेट मात्र जानेवारीच्याच मापाचं आहे. तुम्ही त्यात खोल बसताय, म्हणून टिक वाढल्या, म्हणून हाडाचं टोक खाली टेकतंय. ढिल्या सॉकेटमध्ये पाय वर-खाली होतो, घर्षण होतं, त्यात घाम. फोड बरा झाला की मोजे वाढवून पाहा. सकाळी एक, दुपारी स्टंप आणखी आटला की दुसरा. टिक पुन्हा चार-पाचवर आल्या म्हणजे जमलं. तीन-चार मोज्यांनीही ढिलंच वाटलं तर नवीन सॉकेटचं माप द्यावं लागेल. पाय बिघडला नाही, तुमचा स्टंप बदललाय.

मंदिराचं कारण टाच. कृत्रिम पाऊल बुटाच्या टाचेच्या उंचीवर बसवलेलं असतं. बूट काढला की टाच खाली जाते अन् माणूस मागं झुकतो. म्हणूनच आपल्याकडे जयपूर फूट चालतो. १९६८ च्या सुमारास तो घडला तेव्हा अनवाणी चालणं, उकिडवं बसणं डोळ्यांसमोर होतं.

मानेवाड्याची ताई
शुगर आहे का भाऊ? माझ्या आईला आहे. तिला फोड दुखतच नाही, त्यामुळे मी रोज संध्याकाळी हातआरसा धरून स्टंपची खालची बाजू पाहते. लाली दहा-पंधरा मिनिटांत गेली तर ठीक, नाही गेली तर दुसऱ्या दिवशी पाय बंद. खाज म्हणाल तर तिला स्टंप हातानं चोळून, हलकं थोपटून बरं वाटतं. फिजिओवाल्यांनी आरशाचा व्यायामही शिकवलाय. साबूत पायाचं प्रतिबिंब बघत दोन्ही पाय हलवतोय असं मानायचं. पहिल्या दिवशी आई हसत सुटली होती, आता स्वतःच आरसा मागते.

कळमन्याचा अडत्या
शुगर नाही ताई. चार दिवस कुबड्यांवर काढले, पावत्या पोरानं फाडल्या, दोन चुकवल्या. फोड सुकला. आज दोन मोजे घातले, टिक पाच वाजल्या, पचक-पचक गेलं. घाम मात्र येतेच, तो बाप्पा नागपुरात कोणाला चुकला? दुपट्टा अन् स्टूल घेऊन कांद्याच्या गोण्यांमागं बसतो. सॉकेटच्या मापाला सोमवारी जातो.