‘ओस्पिसिओ’ म्हटले की दार बंद: हिस्पॅनिक रुग्ण आणि उपशामक उपचार

दक्षिणवारा (धागाकर्ती):
टेक्सासमध्ये कर्करोग विभागात परिचारिका म्हणून काम करताना एक गोष्ट वारंवार जाणवते. ‘हॉस्पिस’साठी, म्हणजे आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्णाला आराम देणाऱ्या सेवेसाठी, स्पॅनिश पत्रकात ‘ओस्पिसिओ’ असे छापलेले असते आणि मेक्सिकोतून आलेल्या ज्येष्ठांना त्या शब्दासरशी अनाथालय किंवा निराधारांचे आश्रयस्थान आठवते. मेक्सिकोतील ग्वादालाहारा शहराची ‘ओस्पिसिओ काबान्यास’ ही वास्तू आज जागतिक वारशात गणली जात असली, तरी मुळात ती तशीच संस्था होती. “म्हणजे आईला आम्ही तिथे टाकायचे?” असे मुलगी विचारते, आणि उपशामक उपचार, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणारे उपचार, हॉस्पिसहून वेगळे असून ते केमोथेरपीच्या जोडीने, अगदी निदानापासून घेता येतात, हे सांगायचे राहूनच जाते. बॉस्टनमधील 2010 च्या एका चाचणीत, पसरलेला फुफ्फुसाचा कर्करोग असलेल्या ज्या रुग्णांना हे उपचार लवकर मिळाले, त्यांचे जगणे अधिक सुसह्य झालेच, शिवाय ते इतरांपेक्षा अधिक काळ जगले. पत्रके वाढवण्यापेक्षा त्याच समाजातील, दोन्ही भाषा जाणणाऱ्या माणसाने घरी जाऊन बोलावे, असे माझे मत आहे.

पिंपळपार:
सहमत नाही. कोलोरॅडोत नेमके हेच करून पाहिले गेले. बळावलेला कर्करोग असलेल्या 223 लॅटिनो, म्हणजे हिस्पॅनिक किंवा लॅटिन अमेरिकी वंशाच्या, रुग्णांच्या त्या चाचणीचे निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले: मार्गदर्शक घरी गेल्यामुळे पुढील उपचारांविषयीच्या इच्छा नोंदवण्याचे प्रमाण वाढले, परंतु हॉस्पिसच्या वापरात किंवा वेदनांत लक्षणीय फरक पडला नाही. अडचण समजुतीची नाही, नियमांची आहे. मेडिकेअरमधून, म्हणजे अमेरिकेतील मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्यातून, हॉस्पिस हवे असेल, तर आयुष्य सहा महिने किंवा त्याहून कमी उरल्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते आणि मूळ आजार बरा करण्याचे उपचार सोडावे लागतात. कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरिताला तेवढेही मिळत नाही. ज्याच्यासाठी दारच नाही, त्याला दाराचे महत्त्व काय पटवायचे?

जुनी वही:
आपण दोघेही रुग्णाला बाजूला ठेवून बोलत आहात. हिस्पॅनिक कुटुंबांना सत्य सांगितलेले आवडत नाही, असे सर्रास म्हटले जाते आणि त्यासाठी लॉस एंजेलिसमधील 800 ज्येष्ठांच्या 1995 च्या पाहणीचा आधार दिला जातो. पसरलेल्या कर्करोगाचे निदान रुग्णाला सांगावे, असे युरोपीय वंशाच्या 87 टक्के लोकांना, तर मेक्सिकन वंशाच्या 65 टक्के लोकांना वाटत होते. फरक मोठा आहेच. पण 65 टक्के म्हणजे जवळजवळ दोनतृतीयांश! (आपल्या घरांतही “बाबांना कळू देऊ नका” असे ठरते, तेव्हा बाबांना कोण विचारते?) किती जाणून घ्यायचे आहे, हे आधी रुग्णालाच विचारावे.

दक्षिणवारा:
पिंपळपार, नियमांबद्दल आपले म्हणणे मान्य आहे. मात्र कोलोरॅडोच्या चाचणीत ज्यांच्याकडे मार्गदर्शक गेले नव्हते, त्यांच्यातही हॉस्पिस घेणाऱ्यांचे प्रमाण मुळातच मोठे होते. त्यामुळे तेथे वाढीला फारसा वाव नव्हता, आणि त्यावरून घरभेटी निरुपयोगी ठरत नाहीत. जुनी वही यांच्या सूचनेत मात्र मला एक अट घालावीशी वाटते: तो प्रश्न प्रशिक्षित दुभाष्यामार्फत विचारला जावा. बारा वर्षांच्या नातवाने आजीला तो विचारताना मी पाहिले आहे, आणि त्याने आपल्या मनाने त्यातला अर्धा गाळला होता.