शाळा उघडण्याआधीचे पंधरा दिवस : तुमचे अनुभव लिहा

आखाजीचे (अक्षय्य तृतीयेचे) झोके उतरले की आमच्या गल्लीतली पोरं एकच विचारतात, "शाया कवय उघडनार शे?" उघडते १५ जूनला, रविवार आला तर १६ ला. विदर्भाला उन्हामुळे आणखी थोडी सूट मिळते. जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे गेला तरी आपण विदर्भात नाही, म्हणून आपल्याला नाही. असो. प्रवेशोत्सवाचे फुगे, सजवलेली बैलगाडी, गुलाबाचं फूल हे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. त्याच्या आधीचं लिहा.

निवृत्त मुख्याध्यापक, साक्री तालुका

मी ३१ मे रोजी निवृत्त झालो. त्याच दिवशी तालुक्यातले आणखीही काही जण. योगायोग नाही तो. आमच्या लहानपणी जन्मदाखला कोणाकडे असायचा? बाप सांगायचा, "नाल्याला पूर आलता त्या साली झाला." गुरुजी दाखल-खारीज रजिस्टरात १ जून लिहून मोकळे व्हायचे. अर्ध्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी! आता नियम असा, की १ तारखेचा जन्म असेल तर नोकरी आदल्या महिन्याच्या अखेरीला संपते. म्हणजे बावन्न वर्षांपूर्वी कुठल्याशा गुरुजींनी सोयीसाठी लिहिलेली तारीख शाळा उघडायच्या तोंडावर मास्तर उचलून नेते, आणि दोनशिक्षकी शाळा एकावर येते.

माझ्यानंतर कोणी आलं नव्हतं, म्हणून चार्ज दिला सहशिक्षिकेला. तीन कपाटं, पाच किल्ल्या (एक कशाची, ते मलाही माहीत नाही), तांदळाची पोती, घंटा, टोल्याचा रुळाचा तुकडा. बाईंनी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून सही केली. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही दोन पोरांना १ जून चिकटवला होता, हे इथे कबूल करतो. आता तसं चालत नाही. जन्मदाखला लागतो, ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण लागतात.

शिक्षिका, अक्राणी तालुका

आमच्याकडे पटनोंदणी म्हणजे पाड्यापाड्याने चालणं. घरं डोंगरउतारावर लांब लांब, एका घरून दुसऱ्या घरी जायला वीस मिनिटं. दिवाळीनंतर माणसं गुजरातेत ऊसतोडीला जातात, काही होळीला येतात, काही पेरणीच्या तोंडावर. त्यामुळे जूनच्या पहिल्या आठवड्यात दाराला काटकी लावलेली दिसली की शेजाऱ्याला विचारायचं, "पाऊस पडला की येतील ना?"

एका वर्षी तिसरीतला एक मुलगा असाच आला. उंच झाला होता. मी पाटी दिली, नाव लिही म्हटलं. त्याने लिहिलं, पण अक्षरांच्या डोक्यावर रेघच नाही. मला वाटलं, विसरला. मग लक्षात आलं, हे गुजराती आहे. बारडोलीकडे कारखान्याजवळच्या शाळेत चार महिने बसला होता. त्याची घरची बोली पावरी, आमची पुस्तकं मराठीत, आणि मधेच ही तिसरी भाषा शिकून आला. मी त्याला फक्त वरून रेघ ओढायला सांगितली. काही अक्षरं लगेच मराठी झाली, काही नाहीत. 'ज' वर आम्ही दोघंही अडलो.

पालक, धुळे

माझा अनुभव कव्हरांचा. २०२३ साली पुस्तकं चार भागांत आली, धड्यांमागे कोरी पानं. दप्तर हलकं झालं, पण खाकी कव्हरं चौपट! २०२५ ला ते बंद झालं. कात्री तीच आहे.

शाळा व्यवस्थापन समितीचा सदस्य, रावेर तालुका

मे अखेरच्या वादळात माझी केळी आडवी झाली आणि शाळेचे चार पत्रे नाल्यापलीकडच्या शेतात सापडले. अर्ज केला. उत्तर आलं, "पंचनामा होऊ द्या." केळीचा पंचनामाही तोवर व्हायचाच होता. शेवटी वर्गणी काढली, वाकलेले पत्रे रस्त्यावर टाकून त्यांच्यावरून ट्रॅक्टर फिरवला आणि नवे हुक मारून चढवले. पाऊस आला की दुसरीच्या वर्गात काही ऐकू येत नाही, पण गळत नाही.

शाळेत स्वयंपाक करणारी, अमळनेर तालुका

मुलीकडून लिहून घेतेय. सुट्टीत पोत्यातल्या तांदळात सोंडे होतात. शाळा उघडायच्या आधी दोन दिवस तो ओट्यावर पसरायचा, चाळायचा, चिमण्या हाकायच्या. पातेल्याला काळं धरलेलं असतं ते राखेने घासायचं. पहिल्या दिवशी गोड हवं, म्हणून मागच्या साली गूळ मी घरून नेला.

प्राथमिकच्या लेकराला रोजचा १०० ग्रॅम तांदूळ. गुरुजी म्हणाले, पट ६२. मी ६ किलो २०० ग्रॅम मोजून टाकला. ताटावर बसले ३८. बाकीचे आईबापामागे सरकी लावायला, कारण आदल्या रात्री पाऊस पडला होता. दुसऱ्या दिवशी मी शहाणपणा करून ३८ चाच टाकला, तर आले ५१.