जलमानवाला कल्ले की क्लोम?

प्रश्न : समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या जलमानवांवर कथा लिहितोय. पाण्यातला ऑक्सिजन घ्यायला त्यांना माशासारखा अवयव दिला आहे. त्याला ‘कल्ले’ म्हणू की ‘क्लोम’?

प्रतिसाद : कल्लेच म्हणा. बाजारात कल्ला उचलून आत लालभडक आहे ना, हे बघणाऱ्याला वेगळं समजवावं लागत नाही. फक्त ‘दाट कल्ल्यांचा देखणा तरुण’ असं लिहू नका, वाचक थेट न्हाव्याकडे पोचेल!

प्रतिसाद : ‘क्लोम’ विज्ञानाच्या पुस्तकांतला. पण चरकसंहितेत उदकवह स्रोतसांचं, म्हणजे शरीरात पाणी वाहणाऱ्या मार्गांचं, मूळ म्हणून टाळू आणि क्लोम सांगितलेत. तिथे त्याचा संबंध तहानेशी आहे, माशाशी नाही. तो नेमका कोणता अवयव, यावर वैद्यांचे वाद आहेत. कथेत एखादा जलवैद्य असेल तर त्याच्या तोंडी शोभेल.

प्रतिसाद : शब्द नंतर, आधी हिशेब करा. एक लिटर हवेत सुमारे 210 मिलिलिटर ऑक्सिजन असतो, समुद्राच्या तेवढ्याच पाण्यात जेमतेम पाच-सहा. नुसतं बसून राहिलेल्या माणसाला मिनिटाला साधारण 250 मिलिलिटर लागतो. म्हणजे पाण्यातला सगळा शोषला तरी मिनिटाला 40-50 लिटर पाणी कल्ल्यांतून जायला हवं. शिवाय कल्ल्यांत रक्त पाण्याला इतकं खेटून वाहतं की अंगातली ऊब निघून जाते. त्यामुळे मानेवरच्या दोन चिरांवर भागणार नाही. एकतर काखेपासून कमरेपर्यंत कल्ले द्या, नाहीतर माणसं थंड रक्ताची आणि मंद करा.

मी तर कल्ले काढूनच टाकेन. फुप्फुसं राहू द्या आणि पानथरी मोठी करा.

प्रश्नकर्ता : पानथरी म्हणजे प्लीहाच ना? तिचा इथे काय संबंध?

प्रतिसाद : हो, तीच. ती ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या तांबड्या पेशी साठवते आणि बुडी मारली की आकसून त्या रक्तात सोडते. इंडोनेशियातले बाजाऊ पिढ्यानपिढ्या बुड्या मारून मासे धरतात. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांची पानथरी शेजारच्या सालुआन लोकांपेक्षा सुमारे दीडपट मोठी आढळली, अन् बुड्या न मारणाऱ्या बाजाऊंचीसुद्धा!

प्रश्नकर्ता : पण मग त्यांना श्वासासाठी वर यावं लागेल. माझं गाव तर तळाशी आहे.

प्रतिसाद : मग गाव उथळ पाण्यात हलवा. तेवढ्यासाठी कल्ले नकोत.