१९३६ चे किम योंग-सिक आणि १९५४ चे किम योंग-सिक: व्यक्ती एकच का?

जुनी_धावपट्टी

नमस्कार. आशियाई देशांच्या फुटबॉल संघांनी ऑलिंपिक आणि विश्वचषक स्पर्धांत सुरुवातीच्या काळात खेळलेल्या सामन्यांचा एक तक्ता मी गेले काही महिने फावल्या वेळात तयार करत आहे. त्यात एका नावापाशी अडखळलो आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमधील जपानच्या संघात किम योंग-सिक हे कोरियन नाव आढळते. जपानी नोंदींत तेच नाव जपानी वाचनाप्रमाणे ‘किन योशोकू’ असे येते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कोरियाच्या संघात पुन्हा किम योंग-सिक आहेत आणि १९५४ च्या स्वित्झर्लंडमधील विश्वचषकात दक्षिण कोरियाच्या प्रशिक्षकाचे नावही तेच आहे. किम हे आडनाव कोरियात इतके सर्रास आढळते की केवळ नावावरून निष्कर्ष काढण्याचे धाडस होत नाही.

ही व्यक्ती एकच असेल, तर आणखी दोन प्रश्न पडतात. ज्या देशाने आपला देश गिळला, त्याच देशाच्या गणवेशात कोरियन खेळाडू का उतरला? आणि ज्यांच्या संघाने विश्वचषकातील दोन सामन्यांत मिळून १६ गोल स्वीकारले व एकही केला नाही, त्या प्रशिक्षकाला कोरियन फुटबॉलमध्ये एवढा मान कसा?

डावा_हाफ

तिन्ही ठिकाणी व्यक्ती एकच आहे. किम योंग-सिक यांचा जन्म १९१० मध्ये, आज उत्तर कोरियात असलेल्या ह्वांगहे प्रांतात झाला. त्याच वर्षी जपानने कोरिया अधिकृतपणे आपल्या साम्राज्यात विलीन केला, त्यामुळे त्यांच्या वयाची पहिली ३५ वर्षे परकी सत्तेखालीच गेली.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे मात्र थोडे वेगळ्या बाजूने पाहावे, असे मला वाटते. त्या काळात कोरियाची स्वतंत्र ऑलिंपिक समिती नव्हती, जागतिक फुटबॉल महासंघात कोरियाला स्थान नव्हते, आणि जगातल्या कोणत्याही मोठ्या स्पर्धेत उतरायचे तर जपानच्या नावाने उतरण्यावाचून कोरियन खेळाडूपुढे मार्ग नव्हता. खेळाच्या गुणवत्तेत कोरियन कमी होते असेही नाही. १९३५ मध्ये सोलच्या, म्हणजे तेव्हाच्या ग्योंगसोंगच्या, संघाने जपानची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा जिंकली आणि अंतिम सामन्यात टोकियोच्या विद्यापीठ संघाचा ६-१ असा पराभव केला. किम त्याच संघातले. एवढ्या विजयानंतर बर्लिनच्या संघात अर्धा डझन कोरियन असायला हवे होते, परंतु संघाचा कणा टोकियोतील वासेदा विद्यापीठाच्या खेळाडूंचा ठेवण्यात आला आणि बर्लिनला प्रत्यक्षात गेलेले कोरियन फुटबॉलपटू एकटे किम होते. त्यांनी तो गणवेश का घातला यापेक्षा बाकीच्यांना तो का नाकारला गेला, हा प्रश्न मला अधिक बोचतो.

बर्लिनमध्ये ४ ऑगस्ट १९३६ रोजी स्वीडनविरुद्ध जपान मध्यंतराला ०-२ असा मागे होता. उत्तरार्धात जपानने तीन गोल केले, त्यांतला निर्णायक गोल ८५ व्या मिनिटाला झाला आणि पहिल्यांदाच ऑलिंपिक फुटबॉल खेळणाऱ्या संघाने विजेतेपदाच्या दावेदारांपैकी एकाला घरी पाठवले. जपानमध्ये या सामन्याला आजही ‘बर्लिनचा चमत्कार’ म्हणतात. तीन दिवसांनी इटलीने ८-० असा धुव्वा उडवला. सुवर्णपदकही शेवटी इटलीनेच नेले.

आता तुमच्या तक्त्यात १९४८ ची नोंद पुन्हा एकदा पाहा. किम तेव्हा ३८ वर्षांचे होते. कोरियाने पहिल्या सामन्यात मेक्सिकोला ५-३ असे हरवले आणि पुढच्या सामन्यात समोर आला तो स्वीडनच, नॉर्डाल, ग्रेन आणि लिडहोल्म या नामांकित आघाडीपटूंचा. निकाल ०-१२. ज्या देशाविरुद्धचा विजय त्यांच्या वाट्याला परक्या झेंड्याखाली आला, त्याच देशाकडून झालेला पराभव त्यांनी स्वतःच्या झेंड्याखाली सोसला. या दोन सामन्यांमधल्या १२ वर्षांत महायुद्ध झाले, साम्राज्य कोसळले आणि कोरियाची फाळणी झाली. मला त्यांच्या चरित्रातला सर्वांत विलक्षण भाग हाच वाटतो.

हान_नदीकाठी

मी काही वर्षे सोलमध्ये राहत आहे. वर दिलेल्या उत्तरात एक संदर्भ जोडतो. त्याच बर्लिन ऑलिंपिकमध्ये, स्वीडनवरील विजयानंतर पाच दिवसांनी, सोन गी-जोंग यांनी मॅरेथॉनचे सुवर्णपदक आणि नाम सुंग-योंग यांनी कांस्यपदक जिंकले, तेही जपानच्या नावाने. सोन यांच्या छायाचित्रातील छातीवरचा जपानी झेंडा ‘दोंग-आ इल्बो’ या कोरियन दैनिकाने पुसून टाकला, त्याबद्दल पत्रकारांना अटक झाली आणि दैनिकाचे प्रकाशन कित्येक महिने बंद ठेवण्यात आले. या गोष्टीमुळे सोन यांचे नाव कोरियात मुलामुलांना ठाऊक असते. किम यांच्या वाट्याला पदक आले नाही, पोडियमवरचे छायाचित्रही नाही, म्हणून बर्लिनमधले त्यांचे दिवस लोकस्मृतीत तेवढे ठळक उरले नाहीत. तरीही कोरियन फुटबॉल संघटनेने २००५ मध्ये आपल्या सन्मान दालनात पहिल्यांदा ज्यांना स्थान दिले, त्यांत जर्मनीत गाजलेले आघाडीपटू चा बुम-कुन आणि २००२ च्या विश्वचषकातले प्रशिक्षक गुस हिडिंक यांच्याबरोबर किम योंग-सिक आहेत आणि त्यांच्या १९५४ च्या संघाचे गोलरक्षक हाँग देओक-योंगही आहेत.

धागाकर्त्यांनी विचारलेल्या १६ गोलांबद्दल मला कळकळीने सांगावेसे वाटते की ते आकडे त्या प्रवासापासून वेगळे काढून वाचूच नयेत. कोरियन युद्धाचा शस्त्रसंधी २७ जुलै १९५३ चा. त्यानंतर आठ महिन्यांच्या आत विश्वचषकाची पात्रता फेरी जपानविरुद्ध आली. राष्ट्राध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी जपानी संघाला कोरियाच्या भूमीवर पाऊल ठेवू देण्यास नकार दिल्यामुळे दोन्ही सामने टोकियोतच झाले. ली यू-ह्योंग यांच्या प्रशिक्षणाखाली कोरियाने पहिला सामना ५-१ असा जिंकला आणि दुसरा २-२ असा बरोबरीत सोडवला. मुख्य स्पर्धेसाठी संघाची जबाबदारी किम यांच्याकडे आली.

संघाला एकत्र विमानाची तिकिटेसुद्धा मिळाली नाहीत. दोन तुकड्यांत, ठिकठिकाणी थांबत प्रवास झाला, आणि पहिली तुकडी झुरिकला पोहोचली ती हंगेरीविरुद्धच्या सामन्याच्या आदल्या रात्री. सरावाचा प्रश्नच नव्हता, वेळेतल्या फरकाशी शरीर जुळवून घ्यायलाही उसंत मिळाली नाही. बदली खेळाडू उतरवण्याचा नियम त्या काळी नसल्यामुळे पायात गोळे येऊन खेळाडू कोसळू लागले, तरी प्रशिक्षकाला बाहेर बसून पाहण्यापलीकडे काही करता येत नव्हते. १७ जूनचा तो सामना ०-९ असा संपला. तीन दिवसांनी जिनिव्हात तुर्कस्तानविरुद्ध किम यांनी संघात बरेच बदल केले, म्हणजे दमलेल्यांना विश्रांती दिली आणि इतक्या दूर आलेल्या इतरांनाही विश्वचषकाचे मैदान दाखवले. तो सामना ०-७ असा गेला.

बचावपटू_निवृत्त

हंगेरीविषयी एवढेच नमूद करतो. १९५२ च्या ऑलिंपिक विजेत्या या संघाने नोव्हेंबर १९५३ मध्ये वेम्बलीवर इंग्लंडला ६-३ असे हरवले होते आणि २३ मे १९५४ रोजी बुडापेस्टमध्ये ७-१ असे. म्हणजे कोरियाच्या सामन्याला महिनाही उरलेला नसताना, विश्रांती घेतलेल्या, व्यावसायिक इंग्लंडची ही गत झाली होती. कोरियानंतर तीन दिवसांनी याच हंगेरीने पश्चिम जर्मनीला ८-३ असे लोळवले आणि पश्चिम जर्मनी पुढे विश्वविजेती ठरली. पुश्काश आणि कोचिश या हंगेरीच्या आघाडीपटूंसमोर, एक रात्र झोपून उठलेल्या कोरियन बचावफळीने नऊ गोल स्वीकारले, यात मला लाजिरवाणे काही दिसत नाही. गोलरक्षक हाँग यांनी अडवलेले फटके धावफलकावर येत नाहीत, ही आपल्या खेळाची जुनी खंत आहे.

डावा_हाफ

अगदी पटले. हाँग यांच्याबद्दल आणखी एक सांगतो: १९४८ मध्ये स्वीडनविरुद्ध गोलपोस्टमध्ये तेच उभे होते. मेक्सिकोविरुद्ध गोल करणारे चोंग नाम-सिकदेखील १९५४ च्या संघात होते. म्हणजे झुरिकला किम ज्यांना मैदानात पाठवत होते, त्यांतल्या काहींबरोबर ते लंडनमध्ये स्वतः खेळलेले होते आणि मोठ्या पराभवानंतरची ड्रेसिंग रूम कशी असते हे त्या सगळ्यांना आधीपासून माहीत होते.

आपल्या वाचकांना रस वाटेल अशी एक गोष्ट १९४८ च्या प्रवासाची आहे. कोरियाचे ऑलिंपिक पथक सोलहून निघून आगगाडी, जहाज आणि विमान अशा मजल-दरमजल प्रवासाने जपान, शांघाय, हाँगकाँग, बँकॉक, कोलकाता, मुंबई, कैरो, रोम आणि ॲमस्टरडॅममार्गे सुमारे तीन आठवड्यांनी लंडनला पोहोचले. त्या वेळी दक्षिण कोरियाचे सरकारही अधिकृतपणे स्थापन झालेले नव्हते. ते १५ ऑगस्ट १९४८ रोजी, ऑलिंपिक संपल्यानंतर झाले. स्वतंत्र भारताचा, बहुतांशी अनवाणी खेळणारा संघही त्याच स्पर्धेत होता आणि फ्रान्सकडून १-२ असा हरला. तुमच्या तक्त्यात या दोन्ही नोंदी शेजारीशेजारी येतील.

हान_नदीकाठी

उत्तरायुष्याविषयी राहिले होते. डिसेंबर १९८० मध्ये ‘हालेलुया’ हा कोरियातील पहिला व्यावसायिक फुटबॉल क्लब स्थापन झाला, तेव्हा प्रशिक्षकपद किम यांना देण्यात आले. त्यांनी सत्तरी ओलांडलेली होती. हा क्लब ख्रिस्ती श्रद्धेच्या पायावर उभा होता. कोरियाची व्यावसायिक लीग १९८३ मध्ये सुरू झालेली त्यांनी पाहिली आणि १९८५ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी, १९५४ नंतर पहिल्यांदा, दक्षिण कोरिया मेक्सिकोतील विश्वचषकात खेळली आणि पार्क चांग-सुन यांनी अर्जेंटिनाविरुद्ध देशाचा विश्वचषकातला पहिला गोल केला.

जुनी_धावपट्टी

सर्वांचे मनापासून आभार. तक्त्यातील तिन्ही नोंदी एका व्यक्तीच्या नावाखाली आणल्या आहेत आणि नाव सर्वत्र ‘किम योंग-सिक’ असेच ठेवले आहे; बर्लिनच्या ओळीत ‘किन योशोकू’ हा उच्चार केवळ जुन्या याद्या धुंडाळणाऱ्यांच्या सोयीसाठी बाजूला लिहिला आहे. १९५४ च्या दोन सामन्यांपुढे संघ कोणत्या दिवशी पोहोचला, याचा एक नवा स्तंभ आज वाढवला.